रुमाल टाकलेली जागा



आधी या टेबलावरच्या पसाऱ्याबद्दल सांगतो. पुढच्या रांगेतली मुलं मघापासून तिकडेच बघत आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. माझ्या भाषणापेक्षा ते जास्त बघण्यासारखं आहे.

आज सकाळी स्टेशनजवळून पालकाची एक जुडी आणली. देठ काढले, पानं फ्रिजमध्ये गार केली, थंड साखरपाण्यात चिमूटभर मीठ घालून खलबत्त्यात वाटली आणि मलमलीच्या चार पदरांतून गाळून घेतली. घरात विचारणा झाली की पालक पनीर आहे का. नव्हतं. खाली जे हिरवं पाणी आलं त्यात पानांतली हरितलवकं तरंगत आहेत. बर्फात ठेवून ते इथे आणलं आणि तुमच्यासमोर तीन परीक्षानळ्यांत ओतलं. प्रत्येकीत निळ्या द्रावणाचे थेंब टाकले. लिंबातलं क जीवनसत्त्व मोजायला कॉलेजात जे वापरतात तेच हे, डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल. इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचा निळेपणा जातो. त्याचा एवढाच गुण आज आपल्या कामाचा.

पहिली नळी या दिव्यासमोर आहे. दुसरी फॉइलमध्ये गुंडाळली आहे, म्हणजे ती अंधारात. तिसरी पुन्हा दिव्यासमोर, पण तिच्यात एक थेंब जास्त आहे. नाशिककडच्या कृषी सेवा केंद्रातून पुतण्याने आणलेली तणनाशकाची भुकटी मी स्पिरिटमध्ये विरघळवली, त्याचा तो थेंब. पाकिटावर नाव आहे डायुरॉन. नुसत्या स्पिरिटचा थेंब बाकीच्या दोन्ही नळ्यांतही टाकला आहे, नाहीतर उद्या कोणी म्हणायचं की सगळा गोंधळ स्पिरिटचा. दिवा आणि नळ्या यांच्यामध्ये पाण्याची बरणी ठेवली आहे ती उष्णता अडवायला. आता यांना त्यांचं काम करू द्या.

आमच्या विज्ञानाच्या सरांना नाव सारखं घेतलेलं आवडत नसे, म्हणून मीही नुसतं ‘सर’ म्हणेन. ‘आधी दाखव, मग बोल’ ही त्यांची पद्धत. भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या गाळ्यांतून पोचे आलेली स्टीलची पातेली मागून आणायची आणि त्यांत विज्ञान शिकवायचं. प्रयोग फसला की ते जास्त खूश होत. ‘चाललेल्या यंत्राकडून काही कळत नाही रे, अडलं की कळतं,’ असं म्हणत. आजचा विषय मी त्यांच्या त्या वाक्यावरूनच घेतला.

आजचा प्रश्न असा. पानात इलेक्ट्रॉन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातात, तो रस्ता माणसाला कळला कसा? आणि तो रस्ता कळायला तण मारायचं विष का लागलं?

प्रकाशसंश्लेषण आपण शाळेत एका ओळीत शिकतो: पाणी, कार्बन डायऑक्साइड, सूर्यप्रकाश, आणि मग साखर व ऑक्सिजन. ही ओळ खरी आहे, पण ती चर्चगेटला चढलो आणि विरारला उतरलो, असं सांगण्यासारखी आहे. मधली स्टेशनं गायब. त्या मधल्या स्टेशनांची पहिली चुणूक केंब्रिजच्या रॉबिन हिल यांना १९३७ साली लागली. पानातून सुटी काढलेली हरितलवकं त्यांनी लोहाच्या एका क्षाराबरोबर उजेडात ठेवली. ऑक्सिजन निघाला. त्याला कार्बन डायऑक्साइड लागला नाही आणि साखरही तयार झाली नाही. म्हणजे पाणी फोडून इलेक्ट्रॉन काढायचे हे एक काम आणि त्या इलेक्ट्रॉनांतून साखर रचायची हे दुसरं. दोन्ही वेगळी करता येतात. समोरची पहिली नळी म्हणजे हिल यांचाच प्रयोग, फक्त लोहाच्या जागी निळा रंग.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत वाटेवरचे बरेच पदार्थ सापडले. हरितद्रव्याचे दोन वेगळे संच, दोन प्रकाशप्रणाली. त्यांच्यामध्ये प्लास्टोक्विनोन नावाचे तेलकट वाहक. सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिनं. १९६० मध्ये हिल आणि बेंडाल यांनी एक आकृती सुचवली, जी आज बारावीच्या पुस्तकात ‘झेड-योजना’ म्हणून असते. पाण्यातला इलेक्ट्रॉन एकदा उजेडाच्या धक्क्याने वर चढतो, उतरत उतरत मधल्या वाहकांतून जातो, दुसऱ्या धक्क्याने पुन्हा वर चढतो. ऐकायला सुरेख. पण या दोन प्रणाली एकामागोमाग जोडलेल्या आहेत की शेजारी शेजारी आपापलं काम करतात, हे सिद्ध कसं करायचं?

इथे मला तुमची मदत लागेल, कारण हा प्रश्न भाईंदरकर जितका चांगला समजतील तितका दुसरं कोणी समजणार नाही.

समजा तुम्हाला पश्चिम रेल्वेचा नकाशा माहीतच नाही. गाड्याही दिसत नाहीत. फक्त प्रत्येक फलाटावर किती माणसं उभी आहेत, एवढाच आकडा हातात येतो. संध्याकाळची वेळ, सगळं सुरळीत चालू. दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई, सगळीकडे थोडीफार गर्दी. गाड्या कुठून कुठे जातात? सांगता येणार नाही. आता खाडीपुलाच्या अलीकडचा सिग्नल लाल करून ठेवा. अर्ध्या तासात भाईंदर भरेल, मग मीरा रोड, मग दहिसर. आणि पलीकडे नायगाव, वसईच्या फलाटांवर उतरणारं कोणी नाही, शुकशुकाट. आता नकाशा न बघताही तुम्ही छातीठोकपणे सांगाल की गाड्या विरारच्या दिशेने जातात, आणि खोळंबा भाईंदर आणि नायगावच्या मध्ये आहे. दिशाही कळली आणि जागाही.

१९६१ मध्ये लायडनच्या डायसेन्स यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर नेमकं हेच केलं. त्यांचा फलाट होता सायटोक्रोम आणि झाड होतं एक सूक्ष्म लाल शैवाल. एका प्रकारच्या लाल उजेडाने, जो मुख्यतः एकाच प्रणालीला जागवतो, सायटोक्रोममधले इलेक्ट्रॉन काढून घेतले गेले. हिरवा उजेड टाकला, जो दुसऱ्या प्रणालीला जास्त जागवतो, की सायटोक्रोम पुन्हा भरला. मग त्यांनी पाण्यात एक रसायन घातलं. लाल उजेडाने फलाट रिकामा होणं चालूच राहिलं, पण हिरव्याने भरणं बंद पडलं. म्हणजे सायटोक्रोम दोघांच्या मध्ये. एक प्रणाली त्याला भरते, दुसरी रिकामं करते, आणि सिग्नल भरणाऱ्याच्या बाजूला लाल झाला आहे. दोन प्रणाली एका रांगेत जोडलेल्या आहेत, याचा हा पुरावा. जिला ‘पहिली’ नाव मिळालं ती रांगेत दुसरी निघाली आणि ‘दुसरी’ ही पहिली. नावं ठेवताना क्रम उलटा पडला आणि तो कायमचा तसाच राहिला. विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या त्यावर गुण घालवत आल्या आहेत, मीही घालवले.

ते रसायन होतं डीसीएमयू. शेतीच्या दुकानात त्याचंच नाव डायुरॉन. तिसऱ्या नळीतला थेंब तोच.

हे रसायन प्रयोगशाळेसाठी जन्मलं नव्हतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने युरियाच्या कुळातली तणनाशकं बाजारात आणली, आधी मोन्युरॉन आणि मग डायुरॉन. रेल्वेच्या कडेचं गवत, कापसाची शेतं, उसाची शेतं. ही तणनाशकं पानात नेमकं काय करतात हे शोधता शोधता १९५६ मध्ये हॉलंडच्या वेसल्स आणि फान डेर फेन यांनी दाखवलं की यांच्यामुळे हिल यांची अभिक्रिया थांबते. किती लागतं? लिटरभर पाण्यात पाव मिलिग्रॅमनेही परिणाम स्पष्ट दिसतो. आपल्याकडच्या मिठागरातला खडा नव्हे, टेबलावरच्या बारीक मिठाचे तीन-चार कण एका लिटरमध्ये, असं समजा. इतक्या कमी प्रमाणात जे काम बंद पाडतं, ते सगळीकडे मिसळून नव्हे तर कुठल्यातरी एकाच नेमक्या जागी बसून ते करत असणार, हे शास्त्रज्ञांनी तेव्हाच ताडलं होतं.

ती जागा कोणती, हे सांगतो. त्याची गंमत मला अजूनही वाटते.

दुसऱ्या प्रकाशप्रणालीच्या पोटात एक छोटी खोबण आहे. तिला ‘क्यू-बी’ म्हणतात. पोहणारा प्लास्टोक्विनोन तिथे येऊन बसतो. शेजारच्या ‘क्यू-ए’ कडून त्याला एक इलेक्ट्रॉन मिळतो, पण तो उठत नाही. दुसरा मिळेपर्यंत घट्ट बसून राहतो. दोन इलेक्ट्रॉन आणि वर दोन प्रोटॉन हाती आले की मगच जागा सोडतो, पुढे सायटोक्रोमकडे जातो, आणि रिकाम्या जागेवर नवा प्लास्टोक्विनोन येतो. दोन्ही पिशव्या हातात आल्याशिवाय न उतरणारा प्रवासी म्हणा. ही दोन-दोनची मोजणी १९७३-७४ मध्ये फ्रान्समध्ये बुझ-बोके यांनी आणि हॉलंडमध्ये फेल्थाउस व आमेस यांनी स्वतंत्रपणे पकडली.

आता डायुरॉन. तो इलेक्ट्रॉन चोरत नाही, काही जाळत नाही, कुठला बंध तोडत नाही. तो फक्त त्या खोबणीत जाऊन बसतो. आपल्या गाडीत आपण काय करतो? गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकतो. जागेवर माणूस नाही, तरी दुसऱ्याला बसता येत नाही. डायुरॉन म्हणजे तो रुमाल. आणि रुमालाचा नियमही तोच: जागा रिकामी असेल तरच पडतो. एक इलेक्ट्रॉन घेऊन घट्ट बसलेल्या प्लास्टोक्विनोनला तो उठवू शकत नाही. तो उठून गेला की मधल्या क्षणी शिरतो. १९८१ च्या सुमारास या रुमालाचं चित्र पक्कं झालं. त्याच वर्षी अवतार मट्टू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डायुरॉनचा परिणाम ज्या प्रथिनावर अवलंबून आहे, ते हरितलवकातलं सगळ्यात झपाट्याने मोडून पुन्हा घडवलं जाणारं प्रथिन आहे. त्याचं नाव डी-१. भर उन्हात झाड हे प्रथिन सतत बदलत असतं, जसं गाडीचं ब्रेकचं लायनिंग बदलतात. पुढे जर्मनीत डायझनहोफर, हुबर आणि मिशेल यांनी एका जांभळ्या जिवाणूचं अशाच प्रकारचं केंद्र स्फटिकरूपात अणूअणूसह पाहिलं. १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी मिळालं. त्या खोबणीत तणनाशकाचा रेणू प्रत्यक्ष बसलेला त्यांच्या गटाने पाहिला. तोवर वीस-पंचवीस वर्षं तो रुमाल फक्त अनुमानात होता.

आणखी एक युक्ती सांगायची राहिली. सिग्नल बंद आहे, पण पुढच्या डब्यांची, पुढच्या रुळांची स्थिती ठीक आहे का, हे कसं तपासायचं? खाडीपूल बंद झाला की आपल्यातले काही जण घोडबंदरकडून महामार्गाच्या पुलाने वसई गाठतातच ना. तसंच. डीसीएमयू घातलेल्या हरितलवकाला क जीवनसत्त्वाच्या जोडीने तोच निळा रंग दिला, तर इलेक्ट्रॉन अडथळ्याच्या पुढून आत शिरतात आणि पहिली प्रकाशप्रणाली पुन्हा चालू होते. म्हणजे पुढचं सगळं शाबूत आहे. अडचण फक्त त्या एका जागेवर.

या गोष्टीत आपल्या अगदी जवळचं एक ठिकाण येतं. तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. प्रफुल्लचंद्र विष्णू साने वनस्पतींवर काम करत होते. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये त्यांनी गुडचाइल्ड आणि पार्क यांच्याबरोबर एक नितांत सुंदर काम केलं, १९७० साली प्रसिद्ध झालेलं. हरितलवकातल्या पडद्यांचे दोन भाग असतात: चवडीसारखे रचलेले आणि त्या चवडींना जोडणारे मोकळे. डिटर्जंट न घालता, नुसत्या दाबाने ते वेगळे करून त्यांनी दाखवलं की मोकळ्या पडद्यांत फक्त पहिली प्रणाली सापडते. म्हणजे दोन प्रणाली एका रांगेत जोडलेल्या आहेत खऱ्या, पण त्या राहतात मात्र वेगवेगळ्या मोहल्ल्यांत.

ट्रॉम्बेत त्यांनी व्ही. जी. ताटके, टी. एस. देसाई आणि इलिनॉयचे गोविंदजी यांच्याबरोबर पानाला गोठवून उजेड दिला आणि मग अंधारात हळूहळू तापवलं. तापताना पान चमकतं, अगदी अंधुक, यंत्रालाच दिसेल इतकं. अणुकेंद्रात याला नवल नाही. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवर जो बिल्ला असतो तो याच तत्त्वावर चालतो, साठवतो आणि तापवल्यावर उजेडाच्या रूपात हिशेब देतो. पानात साठलेला असतो तो अडकलेला इलेक्ट्रॉन. तो खोल खड्ड्यात अडकला असेल तर वर यायला जास्त ऊब लागते, उथळ खड्ड्यात असेल तर थोडी पुरते. १९८१ च्या त्यांच्या लेखात हे खड्डे किती खोल आहेत आणि इलेक्ट्रॉन त्यांत किती वेळ टिकतो, याचा हिशेब आहे. एरवी इलेक्ट्रॉन क्यू-बी वर थांबतो आणि साधारण २५ ते ३० अंशांजवळ चमकतो. डीसीएमयू घाला, चमक सुमारे ५ ते १० अंशांवर सरकते. कारण इलेक्ट्रॉनला आता क्यू-ए च्या पुढे जाताच येत नाही आणि तो खड्डा उथळ आहे. रुमाल कुठे पडला आहे हे थर्मामीटरवर वाचता येतं! डॉ. साने पुढे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले, नंतर जळगावात जैन इरिगेशनमध्येही त्यांनी काम केलं. ट्रॉम्बेचं नाव काढलं की आपल्याला अणुभट्टी आठवते. पालकाचं पान कोणाला आठवत नाही. म्हणून मुद्दाम सांगितलं.

इथवर सगळं नीट चाललं. पण मघाशी मी एक गोष्ट लपवली.

रुमाल टाकला, इलेक्ट्रॉन अडले, साखर बनली नाही, झाड उपाशी मेलं. असं वाटतं ना? मलाही एम.एस्सी. होईपर्यंत असंच वाटत होतं. पण झाड उपाशी इतक्या लवकर मरत नाही. त्याच्याकडे साठवलेलं असतं. रात्री तर रोजच उपास. डायुरॉन घातलेलं रोप अंधारात ठेवलं तर बराच काळ तग धरतं. उन्हात ठेवलं तर झपाट्याने पिवळं पडून करपतं. जितका उजेड जास्त, तितकं मरण जवळ. हे उपासमारीने होत नाही, हे अजीर्ण आहे.

कारण पान उजेड गिळायचं थांबवू शकत नाही. हरितद्रव्य समोर आहे, प्रकाश पडतो आहे, ऊर्जा आत येतेच आहे. पुढची वाट बंद. क्यू-ए भरलेला, त्याच्या मागचे भरलेले. मग इलेक्ट्रॉन उलटे फिरतात, हरितद्रव्य एका अस्वस्थ अवस्थेत जातं आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनच्या गळ्यात टाकतं. हवेत ऑक्सिजन आहेच. हा चेतलेला ऑक्सिजन समोर येईल ते जाळत सुटतो: पडद्यातली तेलं, रंगद्रव्यं, डी-१ प्रथिन. भाईंदरच्या फलाटावर गर्दी वाढत जाते तेव्हा माणसं भुकेने मरत नाहीत. काय होतं ते आपल्याला माहीत आहे, त्यावर मी जास्त बोलत नाही.

आता पानाकडून शेताकडे येऊ. मी मूळचा वाळव्याकडचा. आमच्याकडे भांगलण म्हणतात, इथे कोणी खुरपणी म्हणेल, विदर्भात निंदणी. उसाच्या सरीत पाय दुमडून बायका तासन्‌तास हराळी आणि लव्हाळा उपटायच्या. आई त्यांत होती. तिच्या उजव्या तर्जनीचं पेर खुरप्याने कायमचं वाकलं होतं. पुढे मेट्रिब्युझिन आलं, अॅट्राझीन आलं, तेही त्याच क्यू-बी च्या खोबणीत बसणारे. शेतकऱ्याच्या खर्चाचा हिशेब बदलला आणि भांगलणीची रोजंदारी कमी झाली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतली एकच सांगणारा माणूस भेटला की मी सावध होतो.

मका आणि ऊस यांना मग हे विष का लागत नाही? अनेकांना वाटतं त्यांची खोबण वेगळी असेल. तसं नाही. मक्याची हरितलवकं सुटी काढून या नळीत ठेवली तर अॅट्राझीनने तीही पालकासारखीच अडतात. मका वाचतो तो आधीच: मुळातून आलेलं अॅट्राझीन त्याच्या पेशी ग्लुटाथायोन नावाच्या रेणूला बांधून निकामी करतात, ते हरितलवकापर्यंत पोचूच देत नाहीत. दारातला राखणदार चांगला आहे, जागा तीच आहे.

तणं मात्र थेट जागाच बदलून बसली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका रोपवाटिकेत सेनेसिओ नावाचं तण सिमाझीन या तणनाशकाला जुमानेना. पुढे आपल्या काठेमाठाची अमेरिकी भावंडंही जुमानेनात. १९८३ मध्ये हिर्शबर्ग आणि मॅकिंटॉश यांनी कारण दाखवलं: डी-१ प्रथिनाच्या साडेतीनशेच्या आसपास दुव्यांपैकी २६४ वा दुवा बदलला होता, सेरीनच्या जागी ग्लायसीन. एवढ्याने रुमाल घसरतो. हे जनुक हरितलवकाच्या आतलं असल्यामुळे बहुतेक आईकडूनच येतं, परागाबरोबर वाऱ्यावर जात नाही. आणि एक मजा: खोबण बदलली की रुमाल टिकत नाही, पण खऱ्या प्रवाशालाही तिथे नीट बसता येत नाही. त्या तणांत क्यू-ए कडून क्यू-बी कडे जाणारा इलेक्ट्रॉन मंदावतो. विष मारलं नाही तर ही तणं शेजाऱ्यांच्या मागे पडतात. विष मारलं की तीच उरतात.

एका दुसऱ्या जातीच्या विषाबद्दल थोडं बोलायला हवं, नाहीतर सगळी तणनाशकं सारखीच वाटतील. पॅराक्वाट. हा सिग्नल बंद करत नाही. हा गाडीतला पाकीटमार आहे. इलेक्ट्रॉन सगळा रस्ता पार करून पहिल्या प्रणालीच्या शेवटी पोचतात, तिथे हा त्यांना उचलतो, लगेच ऑक्सिजनच्या हातात देतो, आणि पुन्हा रिकामा होऊन उभा. एकच रेणू हे हजारो वेळा करतो. म्हणून पॅराक्वाटने पान काही तासांत करपतं. आणि प्रयोगात असं दिसतं की आधी डीसीएमयूच्या कुळातलं विष दिलं तर पॅराक्वाटचा मारा मंदावतो, कारण चोरायला इलेक्ट्रॉनच पोचत नाहीत. एका विषाने दुसऱ्याची धार बोथट. पण हा पाकीटमार माणसातही तोच धंदा करतो. आपल्या फुप्फुसात तो साठतो आणि तिथेही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देत राहतो. त्याला उतारा नाही. युरोपात २००७ पासून तो बंद आहे. डायुरॉनला जी खोबण लागते ती माणसात नाहीच. पॅराक्वाटला खोबण लागतच नाही, नुसता इलेक्ट्रॉन लागतो. या दोघांना एका शब्दात ‘औषध’ म्हणणं हा आपल्या भाषेतला मोठा घोळ आहे. ‘औषध मारलं’ म्हणतो आपण! 

डायुरॉन माणसाला लगेच मारत नाही म्हणून तो निरुपद्रवी, असंही नाही. जिथे हरितलवक आहे तिथे त्याची जागा आहे, मग ते तण असो की खाडीतलं शैवाल. बोटींच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून जे रंग लावतात त्यांत डायुरॉन आणि सायब्युट्रीन घालत आले आहेत. दोघंही त्याच खोबणीचे रुमाल. सायब्युट्रीनवर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२३ पासून बंदी घातली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या मॅके भागात, जो भाग आपल्या सांगली-कोल्हापुरासारखा उसाचा, १९९० च्या दशकाच्या अखेरीस नदीमुखांवरची तिवरं वाळू लागली. नॉर्म ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या शेतातून वाहून आलेल्या डायुरॉनवर बोट ठेवलं. त्यावर भांडणं झाली, सगळ्यांनी ते मानलं नाही. पण त्यांच्या चाचण्यांत कांदळवनाच्या जातींमध्ये डायुरॉनने सगळ्यात जास्त त्रास झाला तो अॅव्हिसेनिया मरिनाला. जेसल पार्कच्या चौपाटीवरून जुन्या पुलाकडे बघताना चिखलात जी झुडपं दिसतात, ज्यांच्या पानावर हात फिरवला की मीठ लागतं, ते तिवर हेच.

भूजलाचं म्हणाल तर अॅट्राझीनला युरोपीय संघाने २००४ मध्येच नकार दिला. तिथली मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. आपल्याकडे मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीटकनाशकं आणि तणनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात अॅट्राझीन आणि डायुरॉन ही दोन्ही नावं होती. अंतिम बंदीत ती आली नाहीत. ती यावीत की नाही यावर माझं मत आहे, पण ते शेतकऱ्याला मजुरीचा हिशेब विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असं मी आईच्या बोटाकडे बघून ठरवलं आहे.

पुढच्या रांगेतून कोणीतरी मघाशीच हात वर केला होता. हो, दिसलं मला. पहिली नळी आता साध्या पालकाच्या रंगाची झाली आहे, निळेपणा गेला. पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन त्या रंगापर्यंत पोचले. तिसरी बघा: इतका वेळ दिव्यासमोर राहूनही, जशी होती तशीच निळसर.

आता दुसरीचं फॉइल काढतो. ही पण निळसर. दोघींना शेजारी धरतो, मागच्यांना दिसतंय का? रंगात काही फरक नाही. परीक्षेत चित्र दिलं तर तुम्ही दोघींना एकच उत्तर द्याल.

या दुसरीला मी दिव्यासमोर ठेवतो, पहिलीच्या जागी. चहा बाहेर मांडला आहे असं आयोजक खुणावत आहेत. तुम्ही चहा घेऊन या आणि आल्यावर या दोन नळ्या पुन्हा शेजारी धरून बघा. दिवा मात्र कोणी बंद करू नका.